मरीना येणार, तोवर चिखल

मी आयुष्यात एकच समुद्र रंगवला, आणि तोही खोटा.

नव्या शहराचे आराखडे जिथं व्हायचे त्या ऑफिसात मी ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे साहेब लोक पेन्सिलीनं जी स्वप्नं बघतात ती शाईनं पक्की करणारी बाई. नकाशावर ट्रेसिंग पेपर ताणून बसवायचा, खालची रेघ गिरवायची, चुकलं तर ब्लेडनं हलक्या हातानं खरवडायचं. साहेबांचं मत बदललं की पुन्हा खरवडायचं. साहेबांचं मत फार बदलायचं. माझी निम्मी नोकरी ब्लेडवर गेली असं म्हटलं तरी चालेल.

आणीबाणी उठली त्या सुमारास एक दिवस मोठे साहेब परदेशातून आले आणि त्यांनी खाडीच्या काठावर पेन्सिलीनं एक अर्धगोल काढला. म्हणाले, इथं मरीना. आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मग त्यांनी समजावलं. श्रीमंत लोकांच्या शिडाच्या होड्या उभ्या करायची जागा. म्हणजे थोडक्यात स्कूटर स्टँड, फक्त पाण्यात. बाजूला क्लब, हॉटेल, फिरायला फरसबंदी रस्ता, रस्त्यावर दिवे. त्या वेळी आमच्या वाशीत रस्त्यावरचे दिवे लागले तर लोक गॅलरीत येऊन बघायचे. पण साहेबांपुढे कोण बोलणार? मी अर्धगोल गिरवला आणि आत निळा रंग भरला.

त्या निळ्याच्या जागी खरं काय होतं ते ऑफिसात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. चिखल होता. भरतीला पाणी यायचं, ओहोटीला निघून जायचं, आणि मग नजर पोचेल तिथवर काळा, चकचकीत, मांडीभर चिखल. पण नकाशाला ओहोटी नसते. आणि पाहुण्यांना तर आम्ही ओहोटी दाखवायचोच नाही. कुणी सचिव, कुणी मंत्री, कुणी पैसेवाला यायचा म्हटलं की पहिलं भरतीचं कोष्टक निघायचं. लोक पंचांग बघून लग्न ठरवतात तसे आमचे साहेब कोष्टक बघून पाहणी ठरवायचे. सगळी मोठी माणसं येऊन तुडुंब पाणी बघायची, वा वा म्हणायची, आणि पाणी उतरायच्या आत त्यांना जेवायला पिटाळलं जायचं. एकदा एक परदेशी सल्लागार कोष्टकाला न जुमानता सकाळीच काठावर जाऊन उभा राहिला. त्यानं विचारलं, समुद्र कुठाय? साहेब शांतपणे म्हणाले, जरा बाहेर गेलाय, येईल इतक्यात. मी तिथंच नकाशाची गुंडाळी तोंडावर धरून हसले.

आमचं घर वाशीतच होतं, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. आमचे हे दादरच्या चाळीतले. त्यांना इकडं यायला अगदी जिवावर आलं होतं, पण मी मरीनाचा प्रिंट आणून दाखवला तसे पाघळले. मग काय विचारता. दादरचे नातेवाईक आले की हे गॅलरीत नेऊन हात लांब करून दाखवायचे, इथं बंदर होणार, इथं शिडाच्या होड्या लागणार. नातेवाईक डास मारत हो हो म्हणायचे. ह्यांनी एक दुर्बीणसुद्धा घेतली. त्या दुर्बिणीतून वर्षानुवर्षं बगळे दिसले.

आणि दिसायची ती मावशी.

आमच्या सेक्टरच्या मागं जुनं गाव होतं. त्यांची भाताची खाचरं शहरासाठी गेली, मिठागरं गेली, राहिली ती खाडी आणि होड्या. मावशीचा नवरा पहाटे होडी घेऊन जायचा. परत यायचा तोवर पाणी उतरलेलं असायचं, होडी लांब आत थांबायची, आणि गावच्या बायका डोक्यावर टोपल्या घेऊन तो सगळा चिखल तुडवत म्हावरं काठावर आणायच्या. एक पाय काढायचा, दुसरा रुतवायचा. मावशी तिथून तशीच आमच्या बिल्डिंगीत यायची. कोळंबी, बोय, कधी चिंबोऱ्या. गुडघ्यापर्यंत काळे पाय, आणि आमच्या पांढऱ्या मोझाइकच्या जिन्यावर तिची काळी पावलं खालपासून माझ्या दारापर्यंत.

त्या पावलांवरून आमच्या सोसायटीत जेवढी भांडणं झाली तेवढी पाण्यावरूनही झाली नाहीत. सेक्रेटरी म्हणजे शाळेतून रिटायर झालेले मास्तर, स्वतः मासे खाणारे, आणि तरी त्यांनी खाली फळ्यावर लिहिलं, मासेवालीने जिना चढू नये. मी खाली जाऊन त्यांना म्हटलं, मास्तर, तुमची बोय काय उडत येते का वर? ते म्हणाले, वहिनी, मुद्दा स्वच्छतेचा आहे. मी म्हटलं, मुद्दा चिखलाचा आहे, आणि चिखल आमच्या ऑफिसच्या मालकीचा आहे, माझ्याशी बोला. मला राग आला की मी काहीही बोलते. पण त्या दिवसापासून मावशी खालच्या नळावर पाय धुऊनच वर यायला लागली. तरी ओली पावलं उमटायचीच, आणि मास्तर ओल्या पावलांवरही नाराज असायचे.

अशीच एकदा ती उंबऱ्याबाहेर बसून कोळंबी सोलून देत होती. माझं लक्ष तिच्या धुतलेल्या पायांकडे गेलं. मी सहज विचारलं, मावशी, जोडवी नाही घालत?

तिनं हातातली कोळंबी सोलून ताटलीत टाकली. म्हणाली, "होती. लग्नाच्या पयल्या साली एक चिखलान गेला. पाय काढला तं बोट मोकला."

दिवसभर शोधलं म्हणाली. नवऱ्यानं शोधलं, जावांनी शोधलं. चिखल कुठं काही परत देतो? सासू म्हणाली, आज जोडवं घालवलंस, उद्या नवरा घालवशील. तेव्हापासून दुसऱ्या पायातलंही तिनं काढून फडक्यात बांधून ठेवलं होतं. नवरा दारात जाळं विणत बसलेला, धडधाकट, आणि ही मोकळ्या बोटांनी लग्नाकार्यात जाणार. बायका आधी कपाळाकडे बघायच्या, मग पायांकडे, मग एकमेकींकडे. "नवीन केली तरी क्‍या उपेग? रोज चिखलान जायाचा हाय," ती म्हणाली. "बाय, तुज्या हापिसान सांग. आमाला एक धक्का द्या. दगडाचा, पान्यापरत. धक्का झाला का घालीन."

मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की मी कोळंबी तशीच ठेवून ह्यांचा कागद-पेन घेतला आणि गावकऱ्यांच्या नावानं धक्क्याचा अर्ज लिहून काढला. त्यावर गावच्या पंचांनी सह्या केल्या. अर्ज ऑफिसात गेला. उत्तर काय आलं ते मी न वाचताच सांगितलं असतं. सदर जागेवर मरीना नियोजित असल्याने तेथे कच्चे किंवा पक्के कोणतेही बांधकाम करता येणार नाही. म्हणजे श्रीमंतांच्या होड्या कधीतरी येतील, म्हणून गरिबांच्या होड्यांनी तोवर चिखलात राहावं. मी साहेबांना तोंडावर विचारलं, मरीना कधी येणार? साहेब म्हणाले, प्लॅनिंगला वेळ लागतो. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा तेच उत्तर. त्या उत्तराची टायपिस्ट बाईंना इतकी सवय झाली होती की त्या शेजारणीशी गप्पा मारत टाइप करायच्या.

इकडं नकाशावरचा मरीना मात्र बाळसं धरत होता. एका वर्षी हॉटेल मोठं झालं, एका वर्षी हेलिकॉप्टर उतरायला जागा आली, रंगीत टीव्ही आला त्या वर्षी त्यात टेनिसचं मैदान शिरलं. त्याचं थर्माकोलचं मॉडेलसुद्धा झालं. खाली आरसा ठेवून पाणी केलं होतं, आणि होड्यांची शिडं मी जुन्या लग्नपत्रिका कापून केली होती. नीट वाकून बघितलं तर एका शिडावर अर्धा गणपती दिसायचा. मंत्री लोक वाकून बघायचे आणि म्हणायचे, सुंदर. आरशात त्यांना स्वतःचंच तोंड दिसत असणार.

मग ती लाँचची गंमत झाली. दिल्लीहून कुणी फार वरचे अधिकारी आले होते. कोष्टक बघून, भरतीला, लाँचमधून पाहणी ठरली. पण आधीचं जेवण लांबलं. पापलेट, सोलकढी, वर पान, आणि मग ज्यानं त्यानं केलेलं आभाराचं भाषण. लाँच खाडीत शिरली आणि पाणी उतरायला लागलं. बघता बघता ती चिखलात बसली आणि एका अंगावर कलली. आमचे साहेब टाय सावरत उभे. शेवटी गावच्या बायकांनी त्या सगळ्या मंडळींना एकेक करून हात धरून काठावर आणलं. दिल्लीचे साहेब मावशीच्या खांद्याला धरून येत होते, पँट मांडीपर्यंत दुमडलेली, आणि मध्येच त्यांचा एक बूट चिखलानं ठेवून घेतला. त्यावर काय तो गहजब. ड्रायव्हरला पाठवलं, शिपायाला पाठवलं, बूट शोधा.

दुसऱ्या दिवशी मावशी दारात बसून म्हणाली, "त्याचा बूट गेला तं किती बोंब. माजा जोडवा गेला तवा कोन नाय बोलला." आणि टोपलीतली बोय उलटी करून दाखवली, ताजी आहे म्हणून.

त्या दिवसानंतर आमच्या साहेबांच्या मनात ओहोटीची धास्ती बसली. आणि नेमकं त्यानंतर वर्षा-दोन वर्षांतच पायाभरणी ठरली. नकाशे पुरेसे झाले, आता निदान एक दगड तरी बसवू, असं वरून आलं. मंत्री येणार, आणि मरीना आहे म्हटल्यावर समुद्रमार्गे येणार, लाँचनं. म्हणजे उतरायला काहीतरी हवं. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, एक तात्पुरतं लँडिंग काढा, लाकडी फळ्यांचं, हॉटेलच्या बाजूला.

मी टेबलावर जाऊन बसले आणि त्यांच्या पेन्सिलीच्या खुणेवर ट्रेसिंग पेपर लावला. मग तो पेपर जरा सरकवला. बराच सरकवला. आणि गावातून येणारी पायवाट जिथं खाडीला भिडते, तिथं दगडी धक्का काढला. खालची पायरी थेट त्या प्रवाहापर्यंत नेली, जिथं ओहोटीतही पाणी असतं. वर इंग्रजीत सुवाच्य अक्षरांत लिहिलं, व्हीआयपी लँडिंग.

साहेबांनी विचारलं, इथं का? मी म्हटलं, सर, इथून फोटो काढला की मंत्रिमहोदयांच्या मागं खाडीवरचा पूल दिसतो. ते म्हणाले, अच्छा. मग म्हणाले, पण दगडी कशाला, आणि एवढा लांब? मी म्हटलं, सर, भाषणं लांबली आणि पाणी उतरलं तर? साहेबांचा चेहरा पडला. त्यांना तो बूट आठवला असणार. त्यांनी सही केली. वर्षानुवर्षं जो धक्का मावशीला मिळत नव्हता तो मंत्र्याच्या नावानं एका पावसाळ्याच्या आधी उभा राहिला.

पायाभरणीला भटजी आले आणि म्हणाले, भूमिपूजन करायचं तर भूमी कुठाय? सगळा चिखलच. मग कंत्राटदारानं पारसिकच्या डोंगरावरून डंपरभर लाल माती आणून धक्क्याच्या तोंडाशी ओतली, तिची पूजा झाली. संगमरवरी कोनशिला बसली, त्यावर मंत्र्यांचं नाव, मरीनाचं नाव, सगळं सोनेरी अक्षरांत. आणि मंत्री? मंत्री आले मोटारीनं. त्यांना म्हणे पाण्यावर मळमळतं. त्या धक्क्याला त्यांचा पायसुद्धा लागला नाही. मी मागं उभी राहून पदरात तोंड लपवून हसत होते, आणि आमचे हे दुर्बीण गळ्यात अडकवून पहिल्या रांगेत.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला मावशीच्या नवऱ्याची होडी धक्क्याच्या खालच्या पायरीला लागली. मावशी कोरड्या पायांनी वर आली. मी विचारलं, मग, जोडवी? ती म्हणाली, "अजून नाय. हापिसवाल्यांचा क्‍या भरवसा. राहिला तं घालीन."

बाई शहाणी होती. वर्ष उलटलं, आमचे साहेब बदलून गेले, आणि नवे साहेब आले. नव्या साहेबांचं असं की आधीच्यानं केलेलं सगळं चूक. त्यांनी फायली उघडल्या आणि विचारलं, हे लँडिंग तात्पुरतं म्हणून मंजूर झालंय, मग अजून उभं कसं? नियमाप्रमाणे कार्यक्रम झाला की काढायला हवं होतं. कंत्राटदाराला पत्र गेलं, सोमवारी माणसं लावा आणि दगड उचला. मी मधे तोंड घातलं. म्हटलं, सर, राहू दे की, गाववाले वापरतात. ते म्हणाले, बाई, इथं मरीना यायचाय.

मला संताप आला. पण ट्रेसरच्या संतापाला कोण विचारतो? घरी येऊन मी ह्यांच्यावर ओरडले, ह्यांनी दुर्बीण पुसली. सकाळी मावशी आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिचे हात टोपलीत थांबले. तिनं एकच विचारलं, "त्या पांढऱ्या दगडावर क्‍या लिवलाय गं?"

मी सांगितलं, इथं मरीना होणार असं लिहिलंय, आणि मंत्र्यांचं नाव.

"म्हंजे खोटाच हाय," ती म्हणाली, आणि कोळंबी न विकताच उठून गेली.

सोमवारी नव्या साहेबांनी मला नकाशा घेऊन सोबत यायला सांगितलं. कंत्राटदार होता, मुकादम होता, पहारी घेतलेली माणसं होती. आम्ही धक्क्याशी पोचलो आणि सगळेच थबकले. कोनशिला शेंदरानं माखलेली होती. नाव नाही, मरीना नाही, सोनेरी अक्षर एक नाही. चांदीचे डोळे बसवलेले, जास्वंदीचा हार, समोर नारळ, उदबत्त्या. पायऱ्यांवर गावच्या सगळ्या बायका बसल्या होत्या, नऊवारी नेसून, टोपल्या शेजारी ठेवून. मधोमध मावशी.

साहेब म्हणाले, हे काय आहे?

"गावदेवी," मावशी म्हणाली. "पान्यातून आली. आमाला म्हाईत नवता, ती हितंच बसली."

मुकादमानं पहार खाली ठेवली आणि चपला काढल्या. त्याच्या मागं माणसांनी काढल्या. कंत्राटदारानं काढल्या. त्याला चांगलं माहीत होतं, तो दगड त्यानंच आणून बसवला होता, पण त्यानंही हात जोडले. नवे साहेब माझ्याकडे बघत होते. मी नकाशा काखेत धरला, चपला काढल्या आणि शेंदराखालच्या मंत्र्याला मनोभावे नमस्कार केला. आता साहेब एकटे बुटात उरले. पायऱ्यांवरच्या सगळ्या बायका त्यांच्या बुटांकडे बघत होत्या. साहेबांनी वाकून नाड्या सोडल्या.

फाइलवर शेरा पडला, सदर ठिकाणी स्थानिकांचे जुने श्रद्धास्थान असल्याने बांधकाम हटवू नये. जुने म्हणजे रविवारचे. आणि मरीनाच्या पुढच्या नकाशात मी माझ्या हातानं, साहेबांच्या हुकमावरून, अर्धगोलाच्या मधोमध एक छोटं देऊळ काढलं. त्या देवळामुळं होड्या शिरायला वाट उरेना, मग साहेबांनी मरीना जरा पलीकडं सरकवला. मग आणखी पलीकडं. माझ्या नोकरीच्या अखेरीपर्यंत तो सरकतच होता.

फाइलवर तो शेरा पडला त्या आठवड्यात एका सकाळी मी चहा टाकत होते. जिन्यावरून आवाज आला. टक, टक, मोझाइकवर धातू वाजल्यासारखा, सावकाश, पायरी पायरीनं. मास्तर खाली काहीतरी बोलत होते, मग गप्प झाले. बहुतेक पायऱ्यांवर पावलं शोधत असतील. मी बेल वाजायच्या आधीच दार उघडलं.

मावशी टोपली डोक्यावर धरून उभी होती. तिनं एका हातानं नऊवारीचा काठ जरासा वर धरला. दोन्ही पायांत जोडवी होती. एक जुनं, काळपट पडलेलं. दुसरं नवं होतं, ते जास्त चमकत होतं.